मंगळवारची वजाबाकी

चिकटपट्टीचं डावं टोक सुटलं होतं. सुताराकडे असते तसली तपकिरी कागदी पट्टी, भिंतीवरच्या आलेखाच्या खालच्या कडेवर आडवी लावलेली, आणि तिचं ते टोक पंख्याच्या वाऱ्यानं उचलायचं, पडायचं, पुन्हा उचलायचं... तिनं अंगठ्यानं दाबलं. सोडल्याबरोबर ते पुन्हा वर. विश्वाचं भवितव्य झाकायला निघालेत आणि साधी चिकटपट्टी धड आणवत नाही. बरं, तिच्याखाली झाकण्यासारखं काही नव्हतंच. खालचे आकडे आधीच खोटे होते, खऱ्यात एक गुप्त संख्या कालवलेले. तरी पट्टी हवी. प्रमुखांना आवडते. पाहुणे आले की त्यांना भिंतीपाशी आणायचं आणि सांगायचं, बघा, आमचा स्वतःवरसुद्धा विश्वास नाही — आणि पाहुण्यांनी कौतुकानं माना डोलवायच्या.

सव्वाअकरा. तीन वाजता झाकण उघडणार.

'झाकण' हा त्यांच्या खोलीतला शब्द. अकरा वर्षं त्यांनी फुटणारे तारे गोळा केले, तेराशेच्या वर. एका विशिष्ट जातीचा तारा फुटतो तेव्हा जवळपास ठरलेल्या उजेडानं फुटतो, म्हणून तो जितका अंधुक दिसेल तितका लांब. आणि त्याचा उजेड किती तांबडा झालाय यावरून तो निघाल्यापासून विश्व किती ताणलं गेलं ते कळतं. अंतर आणि ताण, ताण आणि अंतर, तेराशे वेळा. त्यातून शेवटी एक आकडा काढायचा. तो उणे एक आला, तर विश्वाला बाहेर ढकलणारी ती जी काय शक्ती आहे ती कायम तेवढीच आहे. उणे एकपासून सरकला, तर ती बदलते आहे, आणि मग विश्वाची आजवरची सगळी गणितं नव्यानं मांडायची. आपल्या मनातलं उत्तर आपल्या हातात उतरू नये म्हणून संगणक त्या आकड्यात एक गुप्त संख्या मिसळून दाखवतो. ती संख्या फक्त कुलूपवाल्याकडे. कुलूपवाला म्हणजे त्यांचा संगणकाचा माणूस, पस्तिशीचा, स्वभावानं गरीब, आणि हे टोपणनाव इतकं चिकटलेलं की पगाराच्या बाईसुद्धा त्याला त्याच नावानं हाक मारायच्या. सगळं तपासून झालं, सगळ्यांनी सह्या केल्या, की तो ती संख्या काढून टाकणार आणि खरा आकडा पडद्यावर येणार. त्यानंतर काही बदलायचं नाही. येईल ते पदरात.

तीन वाजता सगळे श्वास रोखून बसणार, आणि तिला तो आकडा गेल्या मंगळवारपासून माहीत होता.

उणे शून्य दशांश सत्त्याऐंशी.

मी बघितला नाही. हे आधी नीट समजून घ्या — अर्थात कुणी विचारलेलंच नाही, मी आपली भिंतीशी बोलतेय — मी कुलूप तोडलं नाही, कुणाच्या पडद्यात डोकावले नाही. मी जुन्या कॅमेऱ्यातले दोनशे तारे नव्या आज्ञावलीतून चालवले. ती नीट चालते का हे बघायला; शहाणा माणूस हेच करतो. जुन्या ताऱ्यांचं उत्तर सहा वर्षांपूर्वी छापून आलेलं, ते मला माझ्या जन्मतारखेसारखं पाठ: उणे शून्य दशांश नव्याण्णव. पडद्यावर झाकणासकट आलं उणे एक दशांश छत्तीस. आणि वजाबाकी झाली. मी केली नाही, झाली. शाळेत जाऊन आलेल्या माणसासमोर दोन आकडे शेजारी ठेवले आणि त्याला म्हटलं वजाबाकी करू नकोस, तर तो काय करणार? सदतीस. गुप्त संख्या सदतीस शतांश. नव्या ताऱ्यांचा झाकलेला आकडा तर महिनाभर भिंतीवर टांगलाय, उणे एक दशांश चोवीस. त्यातून सदतीस वजा जाताना मी डोळे मिटले होते. डोळे मिटून काय होतंय! डोक्याला पापण्या नसतात.

या झाकणात एवढं भोक आहे हे इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही. जुन्या ताऱ्यांना वेगळी संख्या द्यायला हवी होती, एवढंच. बारा पदव्या जमतील एवढी माणसं या खोलीत बसतात... आणि झाकणाला हातभर भोक.

तिनं खुर्ची ओढली आणि बसली. बसून पुन्हा उठली. हा आकडा तिला नको होता, आणि हीच तर खरी गोची होती. गेली अकरा वर्षं सभांमधून, लेखांमधून, चहाच्या टेबलावर ती एकच सांगत आली होती, की ती शक्ती बिक्ती काही बदलत नाही, ज्यांना नवं काही सापडल्याचा भास होतो त्यांनी आधी आपली उपकरणं पुसून घ्यावीत. एकदा भर सभेत एका मोठ्या माणसाला ती म्हणाली होती, की तुम्हाला विश्व हललेलं दिसतंय कारण तुमचा कॅमेरा हललाय. लोक हसले होते. त्या हशावर ती दोन वर्षं जगली होती. आणि आता तिच्याच कॅमेऱ्यातून, तिच्याच ताऱ्यांमधून, सत्त्याऐंशी.

एवढंच असतं तर तिनं ओठ मिटून गिळलं असतं. पण त्याच मंगळवारी, त्याच दुपारी, चौथ्या काचेची भानगड सापडली.

कॅमेऱ्यापुढे पाच रंगीत काचा असतात, प्रत्येक काच ठरावीक रंगाचाच उजेड आत सोडते. चौथी काच लांबच्या ताऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाची. ती कोणता उजेड किती सोडते याचा कारखान्यानं दिलेला कागद होता, त्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की ही मोजणी बावीस अंश तापमानाला केली. आणि काच बसवली होती डोंगरावर, शून्याखाली बारा अंशांत. थंडीत काचेवरचा लेप आक्रसतो, तिची उजेडाची हद्द केसभर सरकते. केसभर सरकली की लांबचे तारे आहेत त्याहून किंचित उजळ मोजले जातात. तिनं ढोबळ हिशेब करून पाहिला होता. तेवढी दुरुस्ती केली की सत्त्याऐंशीचे होतात सत्त्याण्णव. म्हणजे जवळजवळ उणे एक. म्हणजे बाई अकरा वर्षं बरोबर होत्या.

आता सांगा, हे कुणाला सांगायचं? आणि कुठल्या तोंडानं? चूक खरी आहे, शंभर टक्के खरी. थंडीत लेप आक्रसतो हे काही मी घरी बसून रचलेलं नाही. पण मी आज बोलले तर पहिला प्रश्न येणार: हे तुम्हाला आत्ताच कसं सुचलं? आणि मी खरं सांगितलं की आकडा मला माहीत आहे, तर संपलंच. मग ती काच नाही, तो बाईंचा अहंकार. नियमात स्पष्ट लिहिलंय, ज्यानं आकडा पाहिला तो हिशेबातून बाहेर. नियम मीच लिहिलाय. अकरा वर्षं जाऊन शेवटच्या पानावर माझं नाव नसणार. आणि गप्प बसले, तर तीन वाजता चुकीचा आकडा जगभर जाणार आणि लोक टाळ्या वाजवणार.

आधी काय झालं होतं? वजाबाकी आधी, की काच आधी?

सगळं त्यावर अडलं होतं. काच आधी सापडली असेल तर ती प्रामाणिक. वजाबाकी आधी असेल तर... तिला आठवत होतं की ती दुपारी कपाटापाशी गेली, फाईल काढली, उभ्या उभ्या वाचली. तिला हेही आठवत होतं की दुपारी पडद्यावर छत्तीस आला. मधे तिनं चहा घेतला होता. चहाच्या कुठल्या बाजूला काय होतं? चार दिवस ती या चहाभोवती घिरट्या घालत होती. एकदा वाटायचं, फाईल वाचताना डोकं शांत होतं, म्हणजे काच आधी. मग वाटायचं, शांत कशानं होतं? रागानं असंच होतं आपलं, आधी गार पडतं आणि मग... दर वेळी आठवायला गेलं की आठवण थोडी हवी तशी वळायची. स्वतःच्या आठवणीवर झाकण घालायची सोय कुणी केलेली नाही.

चोराच्या मनात चांदणं, आई म्हणायची. आई मामाबद्दल म्हणायची, आणि कधीकधी अण्णांबद्दल.

अण्णा, तिचे वडील, वजनमापं तपासणारे सरकारी निरीक्षक होते. निवृत्त होऊन पंचवीस वर्षं झाली, पण आज सकाळीसुद्धा न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर उभं राहून त्यांनी जाहीर केलं होतं की हा तीनशे ग्रॅम खोटं बोलतो. ती म्हणाली, तुम्हीच कमी झाला असाल. ते म्हणाले, मी कमी झालो तर मला कळेल, त्याला काय कळतंय. मग अर्धा तास तीच टकळी. असला काटा घरात ठेवण्यापेक्षा उंबऱ्याला टेकू द्या, दार तरी उघडं राहील. तिला उशीर होत होता, दूध उतू गेलं होतं, आणि हे काट्याशी भांडत उभे. ऐंशी वर्षांचा माणूस पंचा नेसून एका यंत्राला खोटारडा म्हणतोय. ती दार आपटून निघाली होती.

लहानपणी त्यांच्याकडे मखमलीच्या पेटीत प्रमाण वजनं असायची, पितळेची. हात लावायचा नाही. बोटाचा घाम लागला तरी वजन बदलतं, ते सांगायचे, आणि चिमट्यानं उचलून दाखवायचे. मापात पाप नको एवढा एकच धर्म त्यांना ठाऊक. ती नऊ वर्षांची असताना त्यांनी मामाच्या दुकानाला सील लावलं. मामाचं खिळे-बिजागऱ्यांचं दुकान, खिळे वजनावर विकायचे, आणि त्याचं दोन किलोचं वजन कमी निघालं. सख्ख्या मेव्हण्याचं दुकान! आई सहा वर्षं माहेरी गेली नाही. म्हणजे तिला कुणी ये म्हटलं नाही. आणि स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात ठेवली गेली की त्याचा अर्थ ठरलेला असायचा: आदल्या संध्याकाळी यांचं आणि मामाचं भांडण झालं, म्हणून हे मुद्दाम गेले. अण्णा त्यावर एकच बोलायचे. वजन कमी होतं ते होतंच. आई म्हणायची, तुम्ही गेलात कशाला ते सांगा. ते म्हणायचे, वजन कमी होतं. दोघंही चाळीस वर्षं आपापलं वाक्य धरून बसली. आई ते वाक्य घेऊनच गेली.

बारा वाजून गेले तेव्हा ती उठली आणि मागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटापाशी गेली. फाईल तिथंच होती, तिनं ठेवली तशी तिरकी. चौथ्या काचेचा कागद तिनं खिडकीशी धरला आणि चार दिवसांत पहिल्यांदा तिला ती खूण दिसली. 'बावीस अंश' याच्या शेजारी, समासात, पेन्सिलीचं बारीकसं प्रश्नचिन्ह. तिचंच. खालचं टिंब ती नेहमी जरा डावीकडे द्यायची.

छाती एकदम हलकी झाली. मंगळवारी तिच्या हातात पेन्सिल नव्हती. पेन्सिल तिनं कित्येक वर्षांत वापरलीच नव्हती. म्हणजे हे जुनं. म्हणजे मला तेव्हाच शंका आली होती, आकडा बिकडा कुणाच्या स्वप्नात नव्हता तेव्हा, काच बसवली त्या वर्षी. सुटले! पुरावा आहे, माझ्या हातचा, हा घ्या...

आणि कागद खाली यायच्या आत ते हलकेपण फिरलं. तेव्हाच शंका आली होती, मग बोलले का नाही? आठ वर्षं? शंका आली, खूण केली, फाईल बंद केली आणि जगाला सांगत फिरले की आपापली उपकरणं पुसा. का बंद केली असेल? कारण त्या वर्षीचे सुरुवातीचे आकडे छान येत होते. झाकणाचा नियम अजून झाला नव्हता, आकडे उघडे दिसायचे, आणि ते तिला हवे तसे होते. मग कशाला कोण काच काढून बघतंय.

एकतर डोकावणारी, नाहीतर झोपा काढणारी. निवड करा, बाई. स्वतःच्याच हातचं टिंब आणि स्वतःलाच टोचलं. हात दाखवून अवलक्षण ते हेच.

व्हरांड्यात कुलूपवाला समोरून आला, दोन्ही हातांवर केकचं खोकं तोलत. तीनच्या सोहळ्यासाठी प्रमुखांनी मागवलेला. त्यानं झाकण किलकिलं करून तिला दाखवलं. केकवाल्याला कुणी काय सांगितलं होतं कोण जाणे, त्यानं वर अग्निबाण काढला होता, खिडकीतून माणूस हात हलवतोय.

"आपलं यान कधी सुटतंय, बाई?" तो म्हणाला. मग तिच्या तोंडाकडे बघून त्यानं झाकण लावलं. "बरं नाही का?"

तिला त्याची चीड आली, आणि चीड आली म्हणून अधिक चीड आली. झाकणाला भोक ठेवणारा हाच, आणि तो बिचारा केक सांभाळत उभा. ती म्हणाली, काही नाही, उन्हाचं डोकं धरलंय. फाईल छातीशी घेऊन ती जिन्यात गेली. जिन्यात कुणी नसतं, उद्वाहन चालू असलं की. पहिल्या वळणावर पायरीवर बसून तिनं घरी फोन लावला. का लावला हे तिला ठाऊक नव्हतं; दूध आलं का विचारू, असं काहीतरी मनात होतं.

अण्णांनी सातव्या घंटीला उचलला आणि आधी काट्याचंच सांगितलं: त्यांनी साखरेची न फोडलेली पुडी त्यावर ठेवून पाहिली, फरक तीनशेच ग्रॅम, म्हणजे तो निदान सातत्यानं खोटा आहे, सातत्यानं खोट्याशी जमवून घेता येतं. ती ऐकत राहिली. जिन्याचा कठडा गार होता.

"अण्णा, एक विचारू?" ती म्हणाली. "मामाचं दुकान. आदल्या दिवशी तुमचं भांडण झालं होतं का?"

आता वजन कमी होतं म्हणणार, असं ती धरून चालली होती.

"झालं होतं की."

चाळीस वर्षं आईनं भांडी आपटली, आणि हे उत्तर असं, साखरेच्या पुडीसारखं काढून ठेवलं.

"आणि म्हणून गेलात?"

"म्हणूनच गेलो. नाहीतर मेव्हण्याच्या दुकानात कोण जातंय तपासायला? पण वजन कमी होतंच गं. तळाचं शिसं खरवडलेलं होतं. ते काय माझ्या रागानं खरवडलं? ते नाही मला लागलं कधी. लागलं ते निराळंच."

"काय?"

"त्या ओळीत आणखी सहा दुकानं होती. मी मामाचं सील केलं आणि सरळ घरी आलो. बाकीची बघितलीच नाहीत. हवं ते मिळालं होतं ना." मग नेहमीच्या कुरकुऱ्या आवाजात, "त्यातली दोन तर नक्की चोर होती. मला चेहऱ्यावरून कळायचं. आणि तू दूध उतू घालून गेलीस, शेगडी मी पुसली."

ती हो म्हणाली. फोन ठेवला की तो आपोआप बंद झाला, तिला आठवलं नाही. तिनं फाईल मांडीवर उघडली. चौथ्या काचेचा कागद वरच होता, कारण तिनं तो वर ठेवला होता. त्याच्याखाली आणखी चार कागद होते. पहिल्या काचेचा, दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या. प्रत्येकावर कुठेतरी बारीक अक्षरात तापमान असणार, किंवा नसणार. मंगळवारी कपाटापाशी उभी राहून तिनं पान उलटलं नव्हतं. सत्त्याऐंशीचे सत्त्याण्णव झाले आणि तिनं फाईल तिरकी सारून कपाट लावलं. चहा आधी की नंतर, हे चार दिवस उकरत बसले... आणि पान उलटलं नाही, ते मात्र लख्ख आठवतंय, त्याला आधी नाही की नंतर नाही.

पाचही काचा थंडीत मोजायच्या म्हणजे कॅमेरा डोंगरावरून खाली. म्हणजे वर्ष. दीड वर्ष. चार काचा मिळून आकडा कुठे जाईल — सत्त्याण्णववरून आणखी पुढे, की मागे सत्त्याऐंशीवर, की पार त्याच्याही अलीकडे, जिथं तिची अकरा वर्षं आणि तो हशा आणि सगळंच खोटं पडेल — याचा अंदाज करायला तिचं डोकं सवयीनं सुटलं आणि पहिल्याच पायरीवर अडखळलं. तिच्याकडे आकडे नव्हते. वजाबाकीला दुसरी बाजूच नव्हती. तिनं पान तसंच राहू दिलं. आता नाही. आता बघायचं तर सगळ्यांच्या देखत.

तीनला पाच कमी असताना ती बैठकीच्या खोलीत शिरली. प्रमुख उभे होते, नवा सदरा, हातात केकची सुरी, आपलंच घोडं पुढे दामटायच्या तयारीत. कुलूपवाल्यानं बोटं मोडली आणि एक बोट कळीवर नेऊन ठेवलं. प्रमुख म्हणाले, या बाई, तुमच्याचसाठी थांबलोय, तुमचं उणे एक आज कायमचं काय ते होऊन जाऊ दे. दोघंतिघं हसली.

"थांबा," ती म्हणाली. "आकडा मला माहीत आहे. आणि काचा चुकीच्या मोजल्यात. एक तरी."

कुलूपवाल्याचं बोट कळीवरून उचललं गेलं. प्रमुखांनी सुरी ठेवली नाही, तशीच धरून त्यांनी अगदी हळू विचारलं, आणि त्या हळूपणात पुढची सगळी भांडणं, पत्रं, चौकश्या, तिच्या नावावरची काट, सगळं आलं:

"आधी काय पाहिलंत तुम्ही? आकडा, की काच?"

दोन्ही उत्तरं तिनं तयार ठेवली होती, चार दिवस घासून पुसून, आणि दोन्ही तोंडाशी येऊन थांबली. आठवत नाही, असं ती म्हणाली. सगळे तिच्याकडे बघत होते आणि तिला त्यांच्यावरचा आपला राग शोधून सापडत नव्हता. चार दिवस, छे, अकरा वर्षं जो हाताशी असायचा. चार पानं फाईलमध्ये बंद होती. त्यात काय निघावं असं वाटतंय तुला, तिनं स्वतःला विचारून पाहिलं, जरा दरडावूनच विचारलं. आत नुसता गारठा होता, स्वच्छ, डोंगरावर असतो तसा, आणि त्यात उभं राहायला तिला भीती वाटत होती, आणि मागे फिरावंसं वाटत नव्हतं.